कर्णपुऱ्याच्या यात्रेच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगर एका दिवसात कसे पाहावे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील कर्णपुऱ्यात तुळजाभवानीची यात्रा भरते आणि मंदिराबाहेरच्या मैदानावर रहाटपाळणे उभे राहतात. परभणी, जालना, बीड किंवा हिंगोलीकडच्या ज्या वाचकांचे या शहरात मित्र आहेत, त्यांनी शहर पाहण्यासाठी नवरात्रातलाच एखादा दिवस निवडावा, असे मी आग्रहाने सांगतो. पाऊस सरत आलेला असतो, शहराच्या उत्तरेचे डोंगर अजून हिरवे असतात, आणि दिवसभर दगडी वास्तू पाहून झाल्यावर संध्याकाळी पाळण्यात बसण्याचे सुख एरवी वर्षभर या शहरात असे एका जागी मिळत नाही.

मी मूळचा परभणीचा. गेली अनेक वर्षे नवरात्रात इथल्या एका मित्राकडे येतो. पहिल्या खेपेला आम्ही सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, परतताना बीबी का मकबरा आणि रात्री यात्रा असा बेत आखला होता. मकबऱ्याच्या दारात पोहोचलो तेव्हा आमच्यातल्या दोघांचे पाय चालत नव्हते, आणि यात्रेत तर आम्ही पाळण्यांकडे पाहत एका ओट्यावर बसून राहिलो. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतंत्र दिवसच द्यावा लागतो. (वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हेही त्या वेगळ्या दिवसासाठी लक्षात ठेवावे.) या लेखातला दिवस केवळ शहराचा आहे, आणि तो उन्हाच्या चढ-उताराप्रमाणे लावलेला आहे: सकाळी डोंगर, दुपारी पाणी आणि सावली, उतरत्या उन्हात दरवाजे व बाजार, आणि दिवे लागल्यावर पाळणे.

मित्राशी आधी काय बोलून घ्यावे

नवरात्रात ज्या घरी घट बसलेले असतात, त्या घराची दिनचर्या बदललेली असते. अखंड नंदादीप तेवत ठेवायचा असल्याने घरात कोणीतरी थांबावे लागते, काहींचे नऊ दिवसांचे उपवास असतात, काहीजण या काळात पायांत चप्पल घालत नाहीत. त्यामुळे कोण आपल्यासोबत दिवसभर येऊ शकेल, कोण फक्त संध्याकाळी येईल आणि आरतीच्या वेळी कोणाला घरी परतायचे आहे, हे दोन दिवस आधी फोनवर विचारून घ्यावे. “तुम्ही ठरवाल ते” असे म्हणून सगळा भार यजमानावर टाकू नये. आपल्याला काय पाहायचेच आहे अशी एखादी गोष्ट सांगावी आणि बाकीचा क्रम त्यांच्यावर सोडावा. कोणत्या चौकात संध्याकाळी वाहतूक अडते, कोणता रस्ता यात्रेमुळे बंद ठेवला आहे, हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

मित्राच्या घरी वडीलधारी माणसे असतील तर बाहेर पडण्यापूर्वी त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसावे. उपवास असलेल्या घरी सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी मिळेल. उपवास नसेल तर धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. हे खाऊनच निघावे, कारण पहिल्या ठिकाणी खाण्याची फारशी सोय नसते. येताना ओटीचे सामान, म्हणजे नारळ, खण आणि तांदूळ, घरच्यांना विचारून आणले तर संध्याकाळी देवीच्या दर्शनालाही ते उपयोगी पडते.

पैशांचा विषय सकाळीच मिटवावा. यजमान तिकिटे काढू लागला की पाहुण्याने केवळ “अहो, राहू द्या” म्हणून भागत नाही. मला सोयीची वाटणारी पद्धत अशी, की रिक्षा आणि जेवण यजमानाने पाहावे, आणि सगळी तिकिटे व संध्याकाळचे पाळणे पाहुण्यांनी. यूपीआय जवळपास सगळीकडे चालते, पण यात्रेतल्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क हमखास अडखळते, म्हणून दहा, वीस आणि पन्नासच्या सुट्ट्या नोटा जवळ असाव्यात.

सकाळ: लेण्यांचा डोंगर

शक्यतो सूर्य उगवल्यावर लगेच निघून मकबऱ्याच्या उत्तरेला डोंगरात कोरलेल्या औरंगाबाद लेण्यांकडे जावे. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीमुळे या बौद्ध लेण्यांकडे शहरातल्या लोकांचेही दुर्लक्ष होते, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. बहुतेक लेणी साधारण सहाव्या-सातव्या शतकातली आहेत. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) मात्र त्याहून बरेच जुने आहे. लेण्यांचे पश्चिमेचा आणि पूर्वेचा असे दोन मुख्य गट असून दोन्हींमध्ये थोडे अंतर आहे. वेळ कमी असेल तर पश्चिम गटातले तिसरे आणि पूर्व गटातले सातवे लेणे निवांत पाहावे. तिसऱ्या लेण्याच्या गर्भगृहात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले, माणसाएवढ्या उंचीचे उपासक आहेत. त्यांच्या केशरचना आणि अलंकार एकमेकांपासून वेगळे आहेत, त्यामुळे ती खऱ्याखुऱ्या माणसांची रांग वाटते. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचे मोठे शिल्प आहे. आग, सिंह, सर्प, हत्ती, फुटणारे जहाज अशा संकटांत सापडलेले लोक त्याचा धावा करताना दोन्ही बाजूंना कोरलेले आहेत. आत गर्भगृहात वादक स्त्रियांच्या मधोमध नृत्य करणारी स्त्री आहे. ती बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर लगेच दिसत नाही, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे लागते. मोबाइलची विजेरी लावण्याची घाई करू नये.

पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी एकच गट पाहावा. प्रत्येकाने पाण्याची बाटली घ्यावी आणि माकडे असतील तर खाऊ पिशवीतच ठेवावा. वरून खाली पाहिल्यावर मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि त्यामागे पसरलेले शहर दिसते. इथेच मित्राला त्याचे घर, त्याची शाळा, तो रोज ज्या रस्त्याने जातो तो रस्ता बोटाने दाखवायला सांगावा. पुढे दिवसभर आपण कुठे आहोत हे त्यामुळे चांगले उमगते. याच डोंगराच्या पायथ्याला 1958 साली स्थापन झालेले आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. मराठवाड्यातल्या अनेक घरांतली पहिली पदवी या परिसरातून आलेली आहे, आणि आपल्या सोबतच्या कोणाचे शिक्षण इथे झाले असेल तर वाहन थोडा वेळ थांबवायला हरकत नाही.

मकबरा आणि पाणचक्की

दहाच्या सुमारास बीबी का मकबऱ्यात पोहोचावे. पुरातत्त्व विभागाचे तिकीट खिडकीवर किंवा मोबाइलवर काढता येते आणि 15 वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिचे 1657 साली निधन झाले आणि त्यानंतर ही कबर उभारली गेली; ती पुत्र आझमशहाने उभारली असे बहुधा सांगितले जाते. प्रवेशद्वारावर वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. ताजमहालाची नक्कल म्हणून याकडे पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. इथे संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे, मधला भाग बेसाल्टचा असून त्यावर गुळगुळीत गिलावा आणि गिलाव्यातलीच बारीक वेलबुट्टी आहे. मराठवाड्याच्या काळ्या दगडावर केलेले ते नाजूक काम भिंतीच्या जवळ जाऊन, हात न लावता पाहावे. मुख्य दालनात गेल्यावर खाली वाकून पाहिले की तळमजल्यावर संगमरवरी जाळीने वेढलेली कबर दिसते. लोक वरून नाणी टाकतात. मुलांना ते करू देऊ नये. मोठ्या फरशीवर दुपारी पाय भाजतात, यासाठीच ही जागा बारापूर्वी आटोपायची आहे.

तिथून पाणचक्की दोनेक किलोमीटरवर, खाम नदीच्या काठी आहे. दुपारच्या उन्हात शहरात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. इथेच बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते मध्य आशियातून आलेले सूफी होते. दर्ग्याकडे जाताना डोके झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत आणि आवाज खाली ठेवावा.

पाणचक्की कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय तिथून निघू नये. हर्सूलच्या बाजूच्या उगमाचे पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर खाली आणलेले आहे. उगम उंचावर आणि चक्की सखल भागात असल्याने बंद नळातले पाणी स्वतःच्या दाबाने इथल्या मनोऱ्यात वर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या धारेने खालचे पात्यांचे चाक फिरते आणि त्याच्या दांड्यावर बसवलेले जाते धान्य दळते. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी इथे पीठ दळले जात असे. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, आणि वर पाणी असल्याने ते दालन थंड राहते. पाऊस चांगला झाला असेल तर नवरात्रात पाण्याचा जोर छान असतो. तिथल्या जुन्या वडाच्या सावलीत अर्धा तास काहीही न करता बसावे; मुलांना हौदातले मासे पुरेसे होतात.

दुपारचे जेवण दोन प्रकारे ठरवता येते. मांसाहार करणाऱ्यांनी आणि उपवास नसलेल्यांनी जुन्या शहरातली नान खलिया एकदा तरी खावी. खलिया हा मटणाचा मसालेदार रस्सा, आणि त्यासोबत भट्टीतली मोठी, मऊ नान. 1327 साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इकडे आला, असे इथले लोक सांगतात. मात्र घट बसलेल्या घरी मुक्काम असेल तर हा बेत यजमानाला आधी विचारून मगच करावा. दुसरा मार्ग म्हणजे मित्राच्या घरी साधे जेवण आणि तासभर झोप, आणि संध्याकाळी पाळण्यात बसायचे असेल तर मी हाच मार्ग सुचवीन.

उतरते ऊन: दरवाजे आणि बाजार

साडेचारनंतर बाहेर पडावे. 1610 साली मलिक अंबरने खडकी नावाने वसवलेले हे गाव 1653 पासून औरंगाबाद झाले आणि बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून ओळखले गेले. सगळे दरवाजे शोधत फिरण्याची गरज नाही. भडकल दरवाजा मात्र उतरून पाहावा. मुघलांवरील विजयाच्या स्मरणार्थ मलिक अंबरने 1612 मध्ये तो बांधला, आणि त्याच्या उंच कमानीखाली उभे राहिल्यावर त्या माणसाच्या आत्मविश्वासाची कल्पना येते. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा आपण दुपारीच पाहिलेला असतो. दिल्ली, पैठण, जालना आणि मकाई ही दरवाज्यांची नावे त्या त्या दिशेला जाणारा रस्ता सांगतात (मकाई म्हणजे मक्केच्या दिशेचा), एवढे मुलांना सांगितले तरी त्यांना शहराचा नकाशा पाठ होतो.

पुढे गुलमंडी आणि पैठण गेटचा बाजार पायीच पाहावा. या गल्ल्यांत चारचाकी नेल्यास तासभर अडकून पडण्याची खात्री असते. हिमरू शाल घ्यायची असेल तर ती हातमागावरची आहे की यंत्रावरची, हे दुकानदाराला सरळ विचारावे आणि कापडाची उलटी बाजू पाहावी; हिमरूत सुती आणि रेशमी धाग्यांचे विणकाम असते व नक्षीचे सुटे धागे मागच्या बाजूला दिसतात. गरम इमरती इथे जरूर खावी, पण एकच, कारण पुढे पाळणे आहेत. हातगाड्यांवर सीताफळे दिसतील; ती परतताना घ्यावीत, आत्ता घेतली तर गर्दीत चेंगरतात.

कर्णपुरा: आधी दर्शन, मग पाळणे

बिकानेरचा राजा कर्णसिंह याच्या नावावरून या वस्तीला कर्णपुरा हे नाव पडले. साडेसहा-सातच्या सुमारास, गर्दी पूर्ण भरण्यापूर्वी तिथे पोहोचावे. वाहन शक्य तेवढे दूर ठेवून चालत जावे, किंवा रिक्षाने पंचवटी चौकापर्यंत येऊन उतरावे. पंचमीपासून अष्टमीपर्यंत आणि सुटीच्या दिवशी गर्दी फार असते. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर सुरुवातीचे तीन-चार दिवस निवडावेत. मैदानात शिरण्याआधी, एकमेकांपासून हुकलो तर कुठे भेटायचे ती जागा ठरवावी. “मोठ्या पाळण्याजवळ” ही खूण उपयोगाची नाही, कारण मोठे पाळणे अनेक असतात. लहान मुलांच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

दर्शन घेतल्यावर लगेच तिकीट काढू नये. प्रत्येक पाळण्यासमोर एक पूर्ण फेरी होईपर्यंत उभे राहून पाहावे. माझ्या मते या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. बसणाऱ्यांचे आडवे दांडे किंवा साखळ्या कर्मचारी स्वतः ओढून तपासतो का, फिरणे पूर्ण थांबण्याआधी लोकांना उतरवतो का, एका डब्यात ठरलेल्यापेक्षा जास्त माणसे कोंबतो का, यंत्राचा आवाज एकसारखा आहे का, पायाखालचे लाकडी ठोकळे सपाट जमिनीवर आहेत का, हे सारे सामान्य माणसालाही दिसते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर ठोकळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि मऊ पडते. वारा सुटला किंवा विजा चमकू लागल्या तर उंच पाळण्यात बसूच नये. शंका आली तर पुढे जावे. वीस-पन्नास रुपयांसाठी मन मोडण्यासारखे त्यात काही नाही.

पदर, ओढणी आणि लांब केस ही पाळण्यातली खरी जोखीम आहे. फिरत्या भागात कापड किंवा केस अडकून गंभीर इजा होऊ शकते. स्त्रियांनी पदर खोचावा, ओढणी पिशवीत ठेवावी किंवा कमरेला घट्ट बांधावी, वेणी बांधून ती कपड्याच्या आत घ्यावी. चष्मा, मोबाइल, किल्ल्या न बसणाऱ्याकडे द्याव्यात, आणि फेरी चालू असताना चित्रण करू नये. गर्भवती स्त्रिया, हृदयविकार असलेले, आणि मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेले यांनी जोरात फिरणाऱ्या पाळण्यांत बसू नये. मुलांसाठी लिहिलेली उंचीची अट लेकराच्या हट्टापायी वाकवू नये.

पाळण्यांचा क्रमही विचाराने ठरवावा. रहाटपाळण्याने सुरुवात करावी. विहिरीतून पाणी काढणाऱ्या रहाटावरून त्याला हे नाव मिळाले, आणि दुपारी पाणचक्कीचे चाक पाहून आलेल्या मुलांना हा संबंध सांगितला की त्यांचे डोळे चमकतात. पाळणा भरताना तो पुन्हा पुन्हा थोडा फिरवून थांबवला जातो, आणि समोरासमोरच्या डब्यांत माणसे बसवली जातात. वजन दोन्ही बाजूंना सारखे राहावे म्हणून हे करतात, तेव्हा “आम्हाला एकाच बाजूला बसवा” असा आग्रह धरू नये. वरच्या टोकावरून खाली येताना पोटात गोळा येतो, कारण त्या क्षणी आसनाचा आपल्याला मिळणारा आधार कमी होतो आणि शरीर हलके वाटते. भीती वाटत असेल तर खाली न पाहता दूर पाहावे: शहराचे दिवे, आणि उत्तरेकडे सकाळी आपण चढलो त्या डोंगराची काळी रेघ.

त्यानंतर झुलणारी नौका घ्यावी. तिच्या टोकाच्या आसनांवर झोका सर्वांत मोठा आणि मधल्या आसनांवर सर्वांत लहान असतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला मध्ये बसवावे. ब्रेक डान्स आणि टोरा टोरा हे गरगर फिरणारे पाळणे सर्वांत शेवटी, आणि तेही जेवणापूर्वी. यांत आसन स्वतःभोवती फिरते आणि तळही फिरतो, त्यामुळे कानातला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे मेंदूला वेगवेगळे सांगू लागतात व मळमळते. पोट अगदी रिकामेही नसावे आणि भरलेलेही नसावे. बसल्यावर डोके मागे टेकवून ठेवावे, मान वळवत राहू नये. उतरल्यावर भोवळ आली तर मोकळ्या हवेत बसून एकाच स्थिर वस्तूकडे पाहावे. सोबत आलेपाकाच्या वड्या असतील तर बरे वाटते. दोन जोरकस पाळण्यांमध्ये किमान वीस मिनिटे जाऊ द्यावीत.

मौत का कुआँ आल्यास तो जरूर पाहावा. उभ्या लाकडी भिंतीवर दुचाकी टिकते ती वेगामुळे: वेगात वळताना चाके भिंतीवर जोराने दाबली जातात आणि त्या दाबातून आलेले घर्षण गाडीला खाली घसरू देत नाही. त्या माणसांच्या कौशल्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणून खेळ संपल्यावर त्यांना काही रक्कम द्यावी असे मी सांगेन. मात्र फिरत्या स्वाराला नोट देण्यासाठी कठड्यावरून वाकू नये, आणि प्रेक्षकांचा मचाण आधीच भरला असेल तर पुढच्या खेळाची वाट पाहावी.

नवरात्र सोडून इतर दिवसांत आलात तर मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे सिद्धार्थ उद्यान मुलांसाठी चांगले. ते कोणत्या दिवशी बंद असते हे मित्राला विचारून जावे. नांदेड-लातूरकडच्या वाचकांना मोठे पाळणे जवळ हवे असतील तर मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची यात्रा आहेच, आणि पाळणे तपासण्याच्या वरच्या सूचना तिथेही तशाच लागू होतात.

परतीची सोय दुपारीच पक्की करावी. रात्री दहानंतर यात्रेतून सगळे एकदम बाहेर पडतात आणि रिक्षा मिळत नाही; रेल्वे स्थानक जवळ असले तरी गर्दीतून तिथवर पोहोचायला एक तास हाताशी ठेवावा. मुक्काम करणार असाल तर झोपण्यापूर्वी घरातल्या बायकांना विचारावे, की पहाटे कर्णपुऱ्याला कितीला निघणार. शहरातल्या असंख्य स्त्रिया अंधारातच अनवाणी चालत दर्शनाला जातात. त्या वेळी पाळणे थांबलेले असतात, मैदानावर गारवा असतो, आणि रस्ता फक्त चालणाऱ्यांचा असतो. त्यांच्यासोबत जायचे असेल तर गजर चारचा लावावा आणि चपला घरीच ठेवाव्यात.